डाग की थेंब

बी.एफ.ए.च्या चौथ्या वर्षी वर्गातल्या मैत्रिणी रात्र रात्र आपापल्या कॅनव्हाससमोर बसायच्या आणि मी त्यांच्या कॅनव्हाससमोर. माझं स्वतःचं चित्र अर्धं राहायचं, पण दुसरीच्या चित्रात काय चाललंय हे सांगायला बसले की वेळेचं भान उरायचं नाही. वार्षिक प्रदर्शन जवळ आलं की सगळ्या मलाच विचारायच्या, कुठलं कशाशेजारी लावू? त्या वर्षी प्रदर्शनाची सगळी मांडणी मी केली, आणि ते संपल्यावर घरी फोन करून सांगितलं की पुढे पेंटिंग करायचं नाही. चित्रांवर लिहायला शिकायचंय, आणि प्रदर्शन उभं करायला.

बाबांनी एवढंच विचारलं, "त्याचंही शिक्षण असतं?"

असतं. ते माझ्या वाट्याला कसं आलं ते लिहून ठेवते आहे. दरवर्षी दोन-तीन मुलं-मुली मला तोच प्रश्न विचारतात, आणि फोनवर पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नाही.

आधी शब्दाबद्दल. क्युरेटर हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचा अर्थ काळजी घेणं. मराठीत मला त्याला सगळ्यात जवळचा शब्द वाटतो 'निगा'. गुरांची, झाडांची, म्हाताऱ्या माणसांची ठेवतो ती निगा. पूर्वी क्युरेटर म्हणजे संग्रहालयातल्या वस्तू सांभाळणारा अधिकारी. पुढे हॅराल्ड झेमान या स्विस क्युरेटरसारखी माणसं आली. १९६९ साली बर्नमध्ये त्याने केलेलं प्रदर्शन आणि १९७२चा डॉक्युमेंटा, म्हणजे जर्मनीत कासेलला दर काही वर्षांनी भरणारं समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन, यानंतर प्रदर्शन हीच एक रचना, तिला कर्ता असतो, ही कल्पना जगभर रुळली. आता आपल्याकडे साडीच्या दुकानापासून हॉटेलच्या मेन्यूपर्यंत सगळंच 'क्युरेटेड' असतं, आणि त्या गर्दीत निगा तेवढी हरवून जाते. मला दोन वर्षांत जे शिकायला मिळालं त्यातलं सगळ्यात मोलाचं या निगेशीच जोडलेलं आहे, म्हणून ते आधी सांगितलं.

कुठे जायचं याची चौकशी केली तेव्हा समोर तीन नावं होती. दिल्लीला जेएनयूचं स्कूल ऑफ आर्ट्स अँड एस्थेटिक्स, मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा पदव्युत्तर डिप्लोमा, आणि बडोदा. मी बडोदा निवडलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा १९५० सालची. तिला सगळे नुसतं 'फाइन आर्ट्स' म्हणतात. आपले ना. श्री. बेंद्रे तिथे चित्रकला विभागाचे प्रमुख होते. तिथे चित्रकार, शिल्पकार आणि कलेचा इतिहास शिकणारे एकाच आवारात वावरतात, आणि मला तेच हवं होतं. ज्याच्यावर लिहायचं त्याच्या हाताला लागलेला रंग रोज दिसला पाहिजे, असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

मुलाखतीला जाताना मी पुण्यातल्या एका प्रदर्शनावर लिहिलेला हजार शब्दांचा लेख नेला होता. त्यावर कुणी फारसं बोललंच नाही. समोर एका पहाडी लघुचित्राची छापील प्रत ठेवली आणि म्हणाले, बोला. मी रेषेच्या नाजूकपणाबद्दल, विरहाबद्दल, पावसाच्या ढगांबद्दल चांगली तीन-चार मिनिटं बोलले. शांतपणे ऐकून घेतलं आणि मग पलीकडच्या बाईंनी विचारलं, "चित्रात माणसं किती आहेत?"

मी म्हटलं, पाच.

"पुन्हा मोजा."

सहा होती. सहावी दासी दाराआड उभी होती, तिची फक्त बोटं आणि ओढणीची कड दिसत होती. तिच्या हातात विडा होता, म्हणजे आत कुणीतरी येणार होतं किंवा येऊन गेलं होतं. ज्याला मी विरह म्हणत होते तो कदाचित विरह नव्हताच. प्रवेश मिळाला, पण ती बोटं मी अजून विसरले नाही. कुठल्याही चित्राबद्दल लिहायला घेतलं की आधी मोजते. माणसं, झाडं, खिडक्या, जे असेल ते.

पहिल्या सहामाहीत लेखनाचा एक तास असायचा आणि त्यात काही शब्दांना बंदी होती. सुंदर, अप्रतिम, गूढ, भावपूर्ण, मनाला भिडणारं. इंग्रजीतले सुद्धा: 'एक्सप्लोअर्स', 'निगोशिएट्स', 'लिमिनल'. हे शब्द काढून टाकले की माझ्या जुन्या लेखात जेमतेम चार ओळी उरायच्या. मग आम्हाला तांबेकर वाड्यात पाठवलं.

बडोद्याच्या जुन्या शहरात हा वाडा आहे. एकोणिसाव्या शतकात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा, लाकडी खांबा-तुळयांचा, पुण्या-साताऱ्याच्या माणसाला आत शिरताच ओळखीचा वाटेल असा. आता तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. वरच्या मजल्यावरच्या भिंती चित्रांनी भरून गेल्या आहेत. कृष्णलीला, महाभारत, आणि मधूनच युरोपीय पोशाखातली माणसं. गावाकडून इतक्या लांब येऊन मी मराठी वाड्यात मांडी घालून बसले होते, याचं मला फार अप्रूप वाटलं. काम सोपं होतं. एकच चौकट निवडायची, दोन तास तिच्यासमोर बसायचं आणि तीनशे शब्द लिहायचे. अर्थ सांगायचा नाही. फक्त काय दिसतं ते.

पहिली चाळीस मिनिटं फार जड गेली. जे दिसत होतं ते सगळं लिहून झालं असं वाटत होतं. मग हळूहळू डोळा बसला. एका बाईच्या लुगड्याचा काठ चितारताना चितऱ्याचा कुंचला तीन ठिकाणी कोरडा पडलाय आणि तिथून त्याने पुन्हा रंग घेतलाय. चौकटीची खालची रेघ डावीकडून उजवीकडे जाताना जराशी चढलीय. गिलाव्याला गेलेली भेग एका घोड्याच्या मानेतून गेलीय आणि कुणीतरी ती पुढे कधीतरी भरलीय, पण भरताना रंग लावलेला नाही, त्यामुळे कुठलं जुनं आणि कुठलं भरलेलं हे लांबूनही कळतं. माझ्या वहीत पहिल्यांदाच चित्र आणि त्याची दुरुस्ती एकाच वाक्यात आली.

वर्ग इंग्रजीत चालायचे, वाचन इंग्रजीत, निबंध इंग्रजीत. वहीतली टिपणं मात्र माझ्या हातून मराठीत उतरायची, कारण डोळ्याला जे दिसतं त्याचे शब्द मला आधी मराठीत सुचतात. 'टेक्श्चर'ला मराठीत पोत. द. ग. गोडशांनी १९६३ साली आपल्या पुस्तकाचं नावच ते ठेवलं होतं. कापडाचा पोत असतो आणि जमिनीचाही असतो. माझे आजोबा ढेकूळ हातात चुरगाळून बघायचे आणि म्हणायचे, पोत गेलाय. म्हणजे त्यात वरवरचा स्पर्श आला, आतला कस आला, आणि पुढच्या हंगामात काय पिकेल तेही आलं. इंग्रजी शब्दात हे सगळं येत नाही. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात कामाला होते हे वाचलं तेव्हा त्यांच्या चित्रातल्या त्या मोकळ्या जागांकडे मी कापडासारखं बघायला लागले. वाचलेल्या सिद्धांतापेक्षा त्या एका शब्दाने मला जास्त दिसलं.

सिद्धांत वाचायचे नाहीत असं मी म्हणत नाही. खूप वाचले, आणि त्यांनी माझं भलंच केलं. १९८१ साली मुंबई आणि दिल्लीत झालेल्या 'प्लेस फॉर पीपल' या प्रदर्शनावर आम्ही दोन आठवडे घालवले. सुधीर पटवर्धन, नलिनी मलानी, गुलाममोहम्मद शेख, भूपेन खक्कर, जोगेन चौधुरी, विवान सुंदरम् अशी सहा माणसं, आणि सोबत कलासमीक्षक गीता कपूर यांचा लेख. चित्रात माणसाला, त्याच्या गल्लीला, त्याच्या शहराला जागा हवी, हे म्हणायला चित्रं आणि लेख दोन्ही लागली. शेख आणि खक्कर यांनी बडोद्यातून १९६९ ते १९७३ 'वृश्चिक' नावाचं छोटं नियतकालिक काढलं होतं. त्याचे अंक हाताळताना लक्षात आलं की इथे लिहिणारी आणि रंगवणारी माणसं फार वेगळी कधी नव्हतीच.

पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत मी मुंबईतल्या एका गॅलरीत तीन महिने उमेदवारी केली. तिचं नाव घेत नाही. विद्यावेतन द्यायचं ठरलं होतं, ते मिळालं नाही. सहा चित्रकारांवर मी लिहिलेला मजकूर कॅटलॉगमध्ये जसाच्या तसा छापला, खाली माझं नाव नव्हतं. मी विचारलं तेव्हा सांगण्यात आलं की उमेदवारांची नावं द्यायची पद्धत नाही. हे मला आजही चूक वाटतं. जी मुलं आता अशा ठिकाणी जाणार आहेत त्यांना मी सांगते: पहिल्या दिवशी लेखी मागा. पैसे किती, नाव कुठे, मजकुराचा हक्क कुणाचा. मागितलं म्हणून कुणी वाईट ठरत नाही.

पण त्याच गॅलरीत मला एक गुरू भेटले. चित्रं टांगण्याचं काम करणारे एक मामा, पस्तीस वर्षं तेच करत आलेले. त्यांनी शिकवलं की चौकट कधी वरच्या पट्टीला धरून उचलायची नाही. एक हात खाली, एक हात बाजूला, घड्याळ-अंगठ्या काढून. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७-५८ इंचांवर आणायचा, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या रेषेत येतो. खोली अंधारी करून बॅटरीचा उजेड चित्राच्या अंगावरून आडवा सोडायचा. मग कागदाचा फुगवटा, सुरकुत्या, पुसलेली पेन्सिल, जुना टाका, सगळं उठून दिसतं. "समोरून उजेड मारलात तर चित्र तुम्हाला हवं तेच दाखवणार," असं ते म्हणायचे. कंडिशन रिपोर्ट मी त्यांच्याकडूनच शिकले. प्रत्येक कृतीचा जागेवर येतानाचा आणि जातानाचा कागद: कुठे काय इजा, किती मिलिमीटर, कुठल्या कोपऱ्यापासून किती अंतरावर.

दुसऱ्या वर्षी प्रबंध आणि त्याला जोडून एक छोटं प्रदर्शन करायचं होतं. मी विषय घेतला ड्रॉईंग मास्तरांचा. महाराष्ट्रात जो शाळेत गेला त्याला ड्रॉईंगचे सर माहीत असतात. एलिमेंटरी, इंटरमिजिएट, वस्तुचित्र, स्मरणचित्र, अक्षरलेखन, भूमितीच्या तासाला टोक केलेली एच पेन्सिल. चित्रकलेशी बहुतेकांची पहिली आणि पुष्कळांची शेवटची ओळख या माणसानेच करून दिलेली असते. कोल्हापूर-सांगली भागात तर या मास्तरांच्या मागे आबालाल रहिमान यांच्यापासूनची निसर्गचित्रणाची परंपरा उभी आहे. आबालाल १९३१ साली गेले. कोटितीर्थाच्या काठी बसून त्यांनी जे पाणी आणि जो उजेड रंगवला, तो बघतच इथले कितीतरी मास्तर रविवारी पाठीला झोळी लावून बाहेर पडले. तरीही कलेच्या इतिहासात ड्रॉईंग मास्तर येतो तो कुणाच्या तरी चरित्राच्या पहिल्या पानावर, 'शाळेतल्या शिक्षकांनी प्रोत्साहन दिले' एवढ्या ओळीपुरता. त्या ओळीतला माणूस स्वतः काय रंगवत होता?

मी माझ्याच शाळेच्या सरांकडे गेले. सांगली जिल्ह्यात, कृष्णेकाठी आमचं गाव. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. काकूंनी चहा ठेवला आणि सरांनी लोखंडी कपाट उघडलं. वर्तमानपत्रांच्या घड्यांत २१२ कागद होते, सगळे जलरंग. मधे मधे डांबराच्या गोळ्या. काही कागदांना कसर लागलेली, काहींना मागून सेलोटेप, तो पिवळा पडून कागदात मुरलेला. आणि तळच्या कप्प्यातल्या तीसेक कागदांवर एकसारखी तपकिरी रेघ होती. २०१९च्या ऑगस्टच्या पुरात कपाटात पाणी शिरलं होतं, ते जिथवर चढलं तिथवरची.

सरांनी ही चित्रं कधी कुणाला दाखवली नव्हती. का, विचारलं तर म्हणाले, "कुणी मागितलीच न्हाईत."

मी २६ निवडली. काकूंच्या जुन्या सुती लुगड्यांत गुंडाळून, पुठ्ठ्याच्या दोन पाट्यांत बांधून बडोद्याला नेली. रेल्वेत ती पेटी रात्रभर मांडीवर होती. मग महिनाभर एकेका कागदाचा कंडिशन रिपोर्ट केला, सेलोटेप जिथे सुटण्यासारखा होता तिथे जाणकाराच्या हाताखाली सोडवला, गव्हाच्या खळीने आणि जपानी कागदाच्या पट्ट्यांनी माउंट केले. दिवसा रिपोर्ट, रात्री निबंध.

त्यातलं एक चित्र विहिरीकडे जाणाऱ्या पायवाटेचं. त्यात पांढुरके ठिपके होते, कडा फुललेल्या. मी ते सवयीने मोजले. अकरा. निबंधात मी त्यावर एक परिच्छेदच लिहिला. चित्रकार पांढऱ्या अवकाशाची लय कशी साधतो, निसर्गचित्राच्या सलग पृष्ठभागाला ठिपक्यांनी छेद देऊन तो आधुनिकतेशी कसं नातं जोडतो, असं बरंच काही. मला तो परिच्छेद फार आवडला होता.

मार्गदर्शक बाईंनी दोन्ही कागद मागवून घेतले. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. डावीकडे निबंधाचं पान. उजवीकडे त्याच चित्राचा रिपोर्ट. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: इजा, पाण्याचे डाग, ११, पृष्ठभागभर विखुरलेले.

"दोन्हीवर सही तुझीच आहे," त्या म्हणाल्या. "मग यातलं खरं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवसा मी त्या ठिपक्यांना डाग म्हणत होते आणि रात्री तंत्र. दोन्ही वेळा चित्रासमोरच बसलेली होते, आणि दोन्ही वेळा ते मला सांगत होतं त्याच्यापुढे जाऊन बोलत होते. निगेचा कागद वेगळा आणि समीक्षेचा वेगळा, हे मी गृहीतच धरलं होतं. जणू दोन वेगळ्या मुली ते काम करत होत्या.

संध्याकाळी सरांना फोन केला.

"सर, विहिरीच्या वाटेचं चित्र आहे ना, जूनमधलं. त्यावर पांढरे ठिपके आहेत ते कशाचे?"

"अगं, पाऊस आला की! बाभळीखाली बसलोतो. बाभळ काय आडोसा देती व्हय? चार थेंब पडले, मी कागद छातीशी धरला आणि पळत सुटलो."

"मग घरी आल्यावर ते रंगाने बुजवले का नाहीत? किंवा दुसऱ्या कागदावर परत काढायचं."

सर जरा थांबले. मग म्हणाले, "बुजवायला कुंचला घेतलाता. पण दुसऱ्या कागदावर त्यो पाऊस कुठनं आणू?"

फोन ठेवून मी दोन्ही कागद फाडले आणि नव्याने लिहायला बसले. रिपोर्टात एक नवा रकाना पाडला, 'घडणीच्या वेळचे', आणि ठिपके इजेतून तिकडे हलवले. निबंधातला तो परिच्छेद गेला. चित्राशेजारी लावायची पाटी मी आधी मराठीत लिहिली आणि मग तिचं गुजराती आणि इंग्रजी केलं. ती अशी होती:

"विहिरीकडची वाट. जलरंग, कार्ट्रिज कागद, जून १९८७. डावीकडे बाभळ, उजवीकडे नांगरून ठेवलेलं काळं रान, मधून पायवाट. रानाचा रंग ओल्यावर ओला, एका दमात दिलेला. बाभळीच्या फांद्या कोरड्या कुंचल्याने. आकाशात आणि रानात मिळून अकरा पांढुरके ठिपके आहेत. चित्र चालू असताना पाऊस आला, त्याचे हे थेंब. चित्रकाराने कागद घरी नेऊन वाळवला आणि ते बुजवले नाहीत."

या सहा वाक्यांना मला चार दिवस लागले. दोन वर्षांत मी जे काही लिहिलं त्यात मला सगळ्यात खरं हेच वाटतं.

बडोद्यातलं प्रदर्शन आठ दिवस चाललं. कागदावरच्या जलरंगांना ५० लक्सच्या वर उजेड नको असतो, त्यामुळे खोली मंद ठेवली होती. येणारी माणसं दारात क्षणभर थांबायची, डोळे स्थिरावले की आत यायची. दांडिया बाजारातली एक आजी दोनदा येऊन गेली. तिचं माहेर मिरजेचं. तिने सगळ्या पाट्या मराठीतून मोठ्याने वाचल्या.

प्रबंधाच्या निमित्ताने औंधलाही गेले होते. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर संग्रहालय बांधलं. राजा रविवर्मांची चित्रं तिथे आहेत, पुढे हेन्री मूरचं आई-मुलाचं शिल्पही आलं. उजेड वरून, छताकडून येतो. जिथे एस.टी.ने जावं लागतं अशा गावात एका माणसाने जगातली चित्रं आणून ठेवली, आणि शाळेची पोरं सहलीला येऊन ती बघतात. सुधीर पटवर्धनांनी २००८-०९च्या सुमारास 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन चित्रांचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांतून फिरवलं, तेही याच वाटेवरचं. हे बघितल्यावर सरांची चित्रं फक्त बडोद्यात दाखवून परत कपाटात ठेवणं मला जमलं नसतं.

म्हणून दुसरं प्रदर्शन आमच्या शाळेच्या सभागृहात लावलं. तिथे ५७ इंच उपयोगाचं नव्हतं, बघणारी पाचवी ते दहावीची पोरं होती. एका पाचवीतल्या मुलाला भिंतीशी उभं करून नजरेची उंची मोजली आणि सगळी चित्रं ४८ इंचांवर आणली. मोठी माणसं वाकून बघतील. ट्यूबलाइट बंद केल्या, खिडक्यांना शिक्षक-शिक्षिकांनी घरून आणलेल्या चादरी लावल्या.

पुराची रेघ असलेली चित्रं दाखवायची की नाही, यावरून सरांचं आणि माझं आधी पटलं नव्हतं. बडोद्याला न्यायला त्यांनी साफ नकार दिला होता आणि तो मी मानला. त्यांची चित्रं, त्यांचं दुःख. ते परक्या गावी भिंतीवर टांगायचा हक्क मला नव्हता. पण शाळेतल्या प्रदर्शनाचं ठरलं तेव्हा त्यांनी स्वतःहून त्यातली दोन काढून दिली. "हितं लाव," म्हणाले. "गावाला म्हाईत हाय ती रेघ कसली ते." त्या दोन्हींच्या पाटीवर मी रेघेची फक्त उंची आणि साल लिहिलं. बायका त्यांच्यासमोर उभ्या राहून आपापल्या घरात पाणी कुठवर आलं होतं ते एकमेकींना हाताने दाखवत होत्या.

तीन दिवस सर दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते. जुने विद्यार्थी येऊन पाया पडत होते. कुणी गॅरेज चालवणारा, कुणी कारखान्यात, एक जण इस्लामपुरात पाट्या रंगवणारा. तो पाट्या रंगवणारा विहिरीच्या चित्रासमोर फार वेळ थांबला आणि मग मला म्हणाला, "ताई, बाभळीला कोरडा ब्रश मारलाय हे तुम्ही लिहिलंय ते बरोबर हाय. आमाला शिकिवलंता सरांनी. पण कुणी लिहिल वाटलं न्हवतं."

कामाचं काय, हा प्रश्न विचारणाऱ्यांना खरं सांगायला हवं. नोकऱ्या थोड्या आहेत. मी सध्या दोन संग्रहांची यादी करण्याचं काम करते, पाट्या आणि कॅटलॉग लिहिते, महिन्याकाठी एखादा लेख. घरभाडं निघतं, फार उरत नाही. पण सरांसारखी कपाटं प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि त्यातल्या कागदांना दरवर्षी कसर लागते आहे. पुढच्या वर्षी कऱ्हाडच्या एका मास्तरांच्या घरी जायचंय. त्यांची मुलगी म्हणाली की पत्र्याच्या ट्रंकेत काहीतरी आहे.

शाळेतलं प्रदर्शन उतरवलं त्या संध्याकाळी मी एकेका चित्राचा जातानाचा रिपोर्ट भरत होते. सभागृहात अंधार केलेला, बॅटरीचा आडवा उजेड. विहिरीच्या चित्राच्या माउंटवर खालच्या उजव्या कोपऱ्यापासून ४० मिलिमीटरवर एक नवा ठसा दिसला. बोटाचा, लहान, तेलकट. कुणीतरी थेंब मोजत होतं.

"ते कशाला लिहितीस," सर म्हणाले. "पोरगं हाय."

मी लिहिलं. जागा, माप, तारीख. सरांनी चष्मा लावून ओळ वाचली आणि खाली सही केली.